रांगेपुरता नवरा

मसाउको बोलायला लागला की आमची बावोची बाजी थांबायची. कचेरेच्या, वडासारख्या पसरलेल्या झाडाखाली आम्ही मोजके बाप्ये बसलेलो असायचो. मधे लाकडी पाट, त्यावर खळग्यांच्या चार रांगा, खळग्यांत बिया. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, बायकांना शेतावर धाडून हे रिकामटेकडे खेळत बसलेत. तसं वाटावं म्हणूनच पाट मांडलेला असायचा. पाटाशेजारच्या पोत्यात कंडोम असायचे, त्यांच्याबरोबर वापरायच्या मलमाची पाकिटं असायची, आणि आमची सगळ्यांची अब्रूही त्यातच कुठेतरी असायची.

आम्ही सगळे लग्नाचे, पोराबाळांचे. बायकांवर आमचं प्रेम होतं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच जिवाला कधी एखादा पुरुषही आवडायचा. याला आमच्या सलीमा जिल्ह्याच्या बाजूला नाव नाही, शिवी तेवढी आहे, म्हणून आम्ही आपले स्वतःला 'दोन्हीकडचे' म्हणायचो. शहरातल्या दवाखान्यात पुरुषांकडे जाणाऱ्या पुरुषांची खोली वेगळी, पोटुशा बायकांची वेगळी. आमचा एक पाय या खोलीत आणि दुसरा त्या खोलीत. मधल्या भिंतीचं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. तेवढं सांगायला शहरातल्या एका संस्थेने मसाउकोला शिकवून तयार केलं होतं, आणि माणूस निवडण्यात त्यांची चूक झाली असं त्या वेळी कुणी म्हटलं नसतं.

तो मूठभर बिया उचलायचा आणि एकेका खळग्यात टाकत जायचा. "हा तुझा मित्र. हा तू. ही तुझी बायको. हे तिच्या पोटातलं. बी कुठल्या खळग्यातून निघाली ते पुढच्या खळग्याला कळतं का? नाही कळत. मग सांगायचं कुणी? तू सांगायचं. ज्या ज्या दारात जातोस त्या दारात खरं बोल, आणि बायकोला घेऊन तपासणीला जा." मग तो एकेकाकडे बघायचा आणि आम्ही एकेक करून मान खाली घालायचो. मी टेलर आहे, बाजाराच्या ओट्यावर माझं शिवणयंत्र आहे. दिवसभर मापं घेतो, पण मसाउको माझं माप घ्यायला लागला की मला घाम फुटायचा.

एकदा मी त्याला विचारलंच, की तू तुझ्या बायकोला, एनिफाला, घेऊन कधी गेलास. तो म्हणाला, दवाखान्याच्या वाराला शहरातून माल येतो, मला तिकडे जावं लागतं. सगळे हसले, तोही हसला, आणि बाजी पुढे सुरू झाली.

खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. त्याचं नाव लामेक. फाट्यावर सायकलवर माणसं नेणारा, पुढचा अर्धा दात तुटलेला, हसला की लहान पोरासारखा दिसणारा. मसाउकोने त्याला हिरवी लोकरीची टोपी घेऊन दिली होती आणि तो ती उन्हाळ्यातही काढत नसे.

आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. घर तिचं, शेत तिचं, पोरांवर शब्द तिच्या मामाचा. बिनसलं की नवऱ्याने आपलं पांघरूण उचलायचं आणि वाटेला लागायचं. मसाउको असा एनिफाच्या गावी, दलदलीपलीकडे, सुखाने राहत होता. दुसरं मूल पोटात होतं. बायकोच्या गावात लामेकचं नाव निघालं नव्हतं आणि लामेकपाशी त्याने कधी बायकोचं नाव काढलं नव्हतं. पाटावरच्या दोन रांगांमधल्या बिया एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, असा त्याचा खेळ चालला होता.

आता आमच्या दवाखान्याचा नियम सांगतो. गावच्या मुखियाने आणि दवाखान्याने मिळून तो काढला होता. जी पोटुशी बाई नवऱ्याला बरोबर आणेल तिचा नंबर आधी. एकटी येईल ती बाकाच्या टोकाला, आणि टोकाला बसली म्हणजे ऊन उतरेपर्यंत बसली. हेतू चांगला होता, नवऱ्यांचीही तपासणी व्हावी. नवरे काही गेले नाहीत. पण बायकांनी तोड काढली. फाट्यावर सायकलवाले उभे असतातच. भाड्यावर थोडे क्वाचा जास्त ठेवले की तोच माणूस नवरा म्हणून बाकावर बसतो. तपासणीचं निघालं की म्हणतो, माझी मागेच झाली. एका सायकलवाल्याला तर जुन्या नर्सने विचारलं होतं, "तुम्हाला एकंदर बायका किती हो?" तेव्हापासून तो टोपी बदलून जायला लागला.

त्या वेळी नवीन नर्सबाई आल्या होत्या. काम्वेंडोबाई. त्यांना अजून तोंडं ओळखू येत नव्हती. एनिफाने मसाउकोला चला म्हटलं, त्याने शहराचा माल पुढे केला. तिने फाट्यावर जाऊन जो समोर दिसला तो सायकलवाला ठरवला.

संध्याकाळी मक्याच्या न्सीमाचं ताट पुढे ठेवता ठेवता तिला हसू आवरेना. हे सगळं मसाउकोने मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द.

"अहो, आज मला काय नवरा मिळाला, काय सांगू," ती म्हणाली. "बाकीचे पळवाट काढतात, याने आपणहून हात पुढे केला. म्हणाला, घ्या रक्त."

मग तिचं हसू ओसरलं. नर्सबाईंनी दोघांना खोलीत बसवलं होतं, दार लावलं होतं आणि सांगितलं होतं की बाईला काही नाही, पण नवऱ्याच्या रक्तात एचआयव्ही आहे. तो माणूस आवाज न करता रडला. नर्सबाईंनी एनिफाचा हात धरला, गोळ्या घेतल्या की माणूस चांगला जगतो म्हणाल्या, धीर दिला. "मी पण रडले हो. खोटं रडायला गेले आणि खरंच रडू आलं. बिचारा. नाव विचारलं तेव्हा मी तुमचं सांगितलं, तर इतका दचकला. सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता."

मसाउकोने घास तोंडात घातला होता, तो तिथेच राहिला. त्याने विचारलं, कसा होता दिसायला. ती म्हणाली, अर्धा दात, आणि एवढ्या उकाड्यात हिरवी लोकरीची टोपी.

तिने गोळ्यांची बाटली आणून दाखवली. नवऱ्याला तो आजार असला की बायकोने रोज एक घ्यायची, म्हणजे तिला होत नाही, बाळालाही होत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. "आता मी काय करू याचं? परत द्यायला गेले तर खोटं उघडं पडेल," असं म्हणून तिने बाटली मिठाच्या डब्यामागे सरकवली आणि उसीपा मासळीचं कालवण वाढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मसाउको माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी यंत्र थांबवलं. लामेक मक्याच्या कापणीपासून खोकत होता, वाळत चालला होता. तपासून घे असं त्याला आम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं, पण स्वतःच्या नावाने जायचा त्याला धीर झाला नव्हता. दुसऱ्याच्या नावाने हात पुढे करणं सोपं गेलं. ते नाव कुणाचं निघणार हे त्याला काय ठाऊक. बाईने रांग चुकवायला खोटं सांगितलं, लामेक भीती चुकवायला खोट्यात शिरला, आणि त्यातून बरोबर तेच औषध बरोबर त्याच बाईच्या घरात येऊन पडलं. मसाउकोने फक्त तोंड उघडायचं होतं.

"तू तर कंडोम वाटतोस," मी म्हणालो.

"सुरुवातीला वापरला," तो म्हणाला. "मग वाटलं, आपलाच माणूस आहे."

हे वाक्य आमच्यापैकी कुणी झाडाखाली बोललं असतं तर त्याने त्याची सालटी काढली असती. त्याने ते मान वर न करता म्हटलं. स्वतःची तपासणीही त्याने संस्थेत नाव घालताना केली होती, तेवढीच. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. दोन्हीपेक्षा जास्त भीती वाटली, कारण माझीही बायको घरी होती आणि मीही कधी गेलो नव्हतो. म्हणून मी भित्र्याचा सल्ला दिला. म्हटलं, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत म्हणून सांग, रोज घ्यायला लाव, ती वाचेल, पोर वाचेल, तुझंही झाकलेलं राहील. तो उठून लगेच गेला. पायांत बळ आल्यासारखा गेला.

एनिफाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग बाटली उघडून एक गोळी हातावर घेतली.

"रक्ताच्या गोळ्या लाल असतात," ती म्हणाली. "ही निळी आहे. आणि ही कशाची ते बाईंनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही. तो माणूस माझा नवरा नाही. मग मी ही का घ्यायची?"

झाडाखाली तास तास बोलणाऱ्या माणसाने फक्त म्हटलं, घे ना, फुकट मिळाल्यात.

"तो तुमच्या ओळखीचा आहे?"

"आहे."

"किती?"

तो चुलीकडे बघत राहिला. एनिफा मूर्ख नव्हती. दचकलेला माणूस, उकाड्यातली टोपी, तिच्याच गाठीतून मागे कधी तरी टोपीपुरते कमी झालेले पैसे, सगळं तिच्या डोक्यात जुळलं असणार. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मसाउको मला म्हणाला. तिने गोळी परत बाटलीत टाकली आणि झाकण फिरवलं.

"तुमचं तोंड उघडत नाही तोवर माझंही उघडणार नाही," ती म्हणाली. "मला कळलंय ते वेगळं. मला तुमच्याकडून ऐकायचंय, आणि नर्सबाईंसमोर ऐकायचंय, कारण घरात तुम्ही काहीही बोलाल."

त्या दिवसापासून ती आपल्या आईच्या खोलीत निजायला गेली. गोळी घेतली नाही. मसाउको रोज मिठाच्या डब्यामागे हात घालून बाटली हलवून बघायचा. आवाज तेवढाच भरलेला यायचा. तिच्या अंगात रोग आधीच शिरला असेल आणि तपासणीत अजून दिसत नसेल, असंही असू शकतं, हे त्यानेच आम्हाला बियांवर शिकवलं होतं. तो झाडाखाली यायचा बंद झाला. पाट माझ्या ओट्याखाली पडून राहिला आणि आम्ही सगळे, एरवी शूर, आपापल्या घरी बसलो.

दवाखान्याच्या वारी मी तिथे होतो. धाकट्याला लस टोचायची होती आणि बायकोने मला हाताला धरून नेलं होतं. बाकावर बायकांची दाटी. मसाउको आणि एनिफा आत आले तेव्हा मी पोराला उगाच खांद्यावर घेतलं, तोंड झाकायला. मसाउकोने धुतलेला सदरा घातला होता, मीच शिवलेला. त्याच्या काखा ओल्या झाल्या होत्या.

काम्वेंडोबाई दारात आल्या. एनिफाला त्यांनी ओळखलं, मसाउकोला खालपासून वर न्याहाळलं. "हे कोण? नवरा कुठाय?"

मी मसाउकोकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. एनिफाने त्याला पुरेसा वेळ दिला, हे मी शपथेवर सांगतो. मग ती म्हणाली, "सायकलवाला आहे. सोडायला आलाय."

बाकावरच्या बायका एकमेकींना कोपरं मारून हसल्या. सायकलवाला आणायचा तर सदरा तरी फाटका बघून आणायचा, असं एक म्हणाली. नर्सबाईंनी हात हलवून मसाउकोला बाहेर थांबायला सांगितलं. आणि तो खरंच गेला. बाहेर भिंतीला लागून सायकली उभ्या होत्या, तिथे भाड्याच्या नवऱ्यांमध्ये जाऊन उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले. माणसाची लाज बघवत नाही, आणि ती आपलीच असली तर मुळीच नाही.

खोलीचं दार बाईंनी या वेळी लावलं नव्हतं, कारण नवरा नव्हता आणि बोलणं साधंच होणार होतं. त्यांचा आवाज चढत गेला. एकही गोळी घेतली नाही? एकही नाही? घरात दुखणं आहे, पोटात पोर आहे, आणि बाटली तशीच? कळतं की नाही काही? एनिफा मला बसल्या जागेवरून दिसत होती. ती नर्सबाईंकडे बघत नव्हती, उघड्या दाराकडे बघत होती.

मसाउको आत आला. बाकावरच्या बायकांचे पाय चुकवत, एकीच्या पायावर पाय देऊन, तो दारात जाऊन उभा राहिला. बोलला तेव्हा त्याचा झाडाखालचा आवाज नव्हता. घसा खरवडून काढल्यासारखा आवाज होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

"मसाउको मी आहे. तिचा नवरा मी. त्या दिवशी आला होता तो तिचा कुणी नाही." तो थांबला. "पण गोळ्या तिला लागतातच. तिला माझ्यापासून धोका आहे. मला त्याच्यापासून."

बाकावर कुणी हसलं नाही. बायकांनी या बोलण्याचा हिशोब मनात केला आणि एकेकीने अंगावरच्या कापडाचं टोक तोंडाला लावलं. माझ्या बायकोनेही लावलं, आणि मग ती वळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या मांडीवर पोर होतं. मी त्याचे पाय चोळत बसलो.

नर्सबाईंनी मसाउकोला दंडाला धरून आत घेतलं. दार लावताना मला एवढंच दिसलं की एनिफाने पिशवीतून बाटली काढली होती आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी ओढून घेतलं होतं.

मसाउकोच्या रक्तात एचआयव्ही निघाला. तिच्यात नव्हता. दर खेपेला परत बघू, गोळी चुकवू नका, असं बाईंनी तिला सांगितलं. मसाउकोचं औषध त्याच दिवशी सुरू झालं. पुढच्या खेपेच्या आधी तो लामेकला घेऊन शहरात गेला आणि त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने उभं केलं. दोघं एकाच सायकलवर गेले आणि वाटेत काही बोलले नाहीत, असं लामेक म्हणाला. नर्सबाई कुणापाशी एक शब्द बोलल्या नाहीत, नाहीतर दोघांना तुरुंगाची वाट होती, पुरुषाने पुरुषाकडे जाणं आमच्या कायद्यात गुन्हा आहे. बाकावरच्या बायका मात्र गप्प बसतील असं कसं होईल. बातमी दलदल ओलांडून एनिफाच्या मामाकडे पोहोचली.

मामा आला, अंगणात बसला, आणि त्याने भाचीला विचारलं की याचं काय करायचं. मसाउको समोरच उकिडवा बसला होता. एनिफा म्हणाली, "पोराला बाप लागेल. मला घरात नको." मामाने मान हलवली. कुणी हात उगारला नाही, कुणी थुंकलं नाही. एनिफाने आतून त्याचं पांघरूण आणलं, घडी नीट केली आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं.

तो माझ्या दुकानामागच्या पडवीत राहायला आला. मी नाही म्हणू शकलो नाही. झाडाखाली हळूहळू माणसं जमायला लागली, पण आता तो बिया हातात घ्यायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, मी शेवटी सांगितलं, तुम्ही आधी सांगा. एवढंच. आमच्यातले काही जण बायकांना घेऊन जाऊन आले. मीही गेलो. का जातोय ते बायकोला पुरतं सांगायला मला पाऊस संपेपर्यंत वेळ लागला, आणि तिने अजून मला माफ केलेलं नाही.

पुढच्या दवाखान्याच्या वारी मसाउको सकाळपासून फाट्यावर उभा होता, सायकलवाल्यांच्या रांगेत, सायकल नसताना. ते त्याची चेष्टा करत होते आणि तो ती ऐकून घेत होता. एनिफा पायवाटेने आली. पोट आता चांगलं पुढे आलं होतं. तिने रांगेकडे पाहिलं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्याच्यापाशी थांबली. मग पुढे चालायला लागली. तो मागून गेला.

दवाखान्यात नवरा बरोबर होता, म्हणून तिचा नंबर आधी लागला. तिच्या रक्तात या खेपेलाही काही निघालं नाही. हे मला त्याच्या चालण्यावरूनच कळलं, ते परत येताना मी ओट्यावरून बघत होतो तेव्हा. फाट्याशी त्यांच्या वाटा फुटत होत्या. तिथे ती थांबली, कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि त्यातून नोटा काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"हे काय?" त्याने विचारलं.

"रांगेचे," ती म्हणाली. "त्यालाही एवढेच दिले होते."

सायकलवाले बघत होते, मी बघत होतो. मसाउकोने मूठ मिटली. मग त्याने तिला विचारलं की पुढच्या खेपेला किती वाजता येऊन उभा राहू.